चिनी तत्त्वज्ञानाचे मार्क्सवादी इतिहास आज कसे वाचावेत?

तत्त्वजिज्ञासू (एरंडवणे, पुणे)

नमस्कार. आमच्या लहानशा अभ्यासमंडळात गेले काही महिने चिनी तत्त्वज्ञानाचे वाचन चालू आहे. आम्हा सर्वांची पार्श्वभूमी भारतीय दर्शनांची असून चिनी भाषा एकालाही येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त इंग्रजी अनुवादांवर आहे. फंग योउलान यांचा १९३१ आणि १९३४ साली दोन खंडांत निघालेला इतिहास डर्क बॉड यांच्या अनुवादातून वाचून झाला. त्यानंतर होउ वायलू यांचे पेकिंगहून १९५९ साली प्रसिद्ध झालेले छोटेखानी इंग्रजी पुस्तक आणि त्याच धर्तीचे आणखी काही लेखन हाती घेतले, तेव्हा हे सारे एकाच परंपरेविषयी लिहिलेले आहे यावर पटकन विश्वास बसेना.

फंग यांच्याकडे मेन्सियस आणि शुन्झी हे कन्फ्यूशियसच्या शिकवणीचे दोन वारसदार आहेत आणि त्यांचा वाद मुख्यतः मनुष्यस्वभावाविषयीचा आहे. मार्क्सवादी मांडणीत मात्र शुन्झी, वांग छोंग, फान झेन, झांग झाय, वांग फूझी, दाय झेन अशी जडवाद्यांची (द्रव्य मूळ मानणाऱ्यांची) एक रांग लागते, आणि तिच्यासमोर मेन्सियस, दोंग झोंगशू, झू शी, वांग यांगमिंग या चिद्वाद्यांची (मन किंवा तत्त्व मूळ मानणाऱ्यांची) दुसरी. पहिली रांग पुरोगामी आणि दुसरी प्रतिगामी, हे जवळजवळ गृहीतच धरलेले असते.

ही विभागणी मार्क्सच्या विचारातून सरळ निघते की मधेच कोणीतरी घातलेली आहे? आणि आज ती बाजूला सारली तर या ग्रंथांमध्ये वाचण्यासारखे काही उरते का? शक्यतो एखाद्या ग्रंथाच्या आधाराने कोणी समजावून सांगितले तर फार उपयोग होईल. नुसत्या तत्त्वचर्चेने आमच्या मंडळात दोन तट पडले आहेत आणि चहा थंड होईपर्यंत कोणी माघार घेत नाही.

दप्तरखाना

विभागणीचा उगम सांगतो. खुद्द मार्क्सने चीनविषयी जे लिहिले ते प्रामुख्याने १८५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका दैनिकासाठी, आणि त्याचा विषय अफूचा व्यापार, युद्धे आणि ताइपिंग बंड हा होता. कन्फ्यूशियस किंवा लाओझी यांच्या तत्त्वज्ञानाचे विवेचन त्यात नाही. 'विचार आधी की अस्तित्व आधी' हा तत्त्वज्ञानाचा मूलभूत प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावरून तत्त्वज्ञांचे दोन गोट पडतात, हे सूत्र एंगल्सने १८८६ साली फॉयरबाखवरील आपल्या निबंधात मांडले. मात्र तो तेव्हा जर्मन तत्त्वज्ञानाचा हिशेब चुकता करत होता. जगातील प्रत्येक परंपरेसाठी पाठ्यपुस्तकाचा साचा तयार करत नव्हता.

साचा तयार झाला तो १९४७ च्या जून महिन्यात, मॉस्कोमध्ये. अलेक्सांद्रोव यांनी लिहिलेल्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासावर सोव्हिएत नेते झ्दानोव यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने कडक टीका केली आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास म्हणजे वैज्ञानिक जडवादाच्या जन्माचा, वाढीचा आणि चिद्वादाशी झालेल्या त्याच्या संघर्षाचा इतिहास होय, अशी व्याख्या घालून दिली. १९४९ नंतर चिनी विद्यापीठांनी सोव्हिएत अभ्यासक्रम उचलले, त्यांच्याबरोबर ही व्याख्याही आली आणि काही वर्षे ती प्रश्नाच्या पलीकडची मानली गेली.

ती निमूटपणे स्वीकारली गेली असे मात्र समजू नये. जानेवारी १९५७ मध्ये पेकिंग विद्यापीठात चिनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासावर एक मोठी परिषद भरली. आदल्या वर्षी 'शंभर फुले फुलू द्या' ही घोषणा झालेली असल्याने लोक थोडे मोकळेपणाने बोलले. हेगेलचे अनुवादक हे लिन यांनी चिद्वादाकडे निव्वळ शत्रू म्हणून पाहण्यास विरोध केला. फंग योउलान यांनी तर आपला मुद्दा परिषदेच्या आधीच वृत्तपत्रात छापून आणला होता. त्यांचे म्हणणे असे की एखाद्या वचनाला विशिष्ट आणि सामान्य असे दोन अर्थ असतात. कन्फ्यूशियस जेव्हा शिकावे आणि वेळोवेळी त्याचा सराव करावा असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात त्या काळचे काव्य, इतिहास, विधी आणि संगीत होते. तो विशिष्ट अर्थ आज टिकणार नाही. परंतु जे काही शिकाल त्याचा सराव करा, हा सामान्य अर्थ कोणत्याही वर्गाच्या माणसाला घेता येतो. पुढे ही भूमिका 'अमूर्त वारसा' या नावाने ओळखली गेली आणि तिच्यावर वर्षानुवर्षे टीका होत राहिली. त्याच १९५७ सालाच्या जूनमध्ये उजव्यांविरोधी मोहीम सुरू झाली आणि ज्यांच्यावर तिचा शिक्का बसला त्यांत झांग दाइन्यान होते. गंमत म्हणजे झांग झाय हा अकराव्या शतकातला जडवादी आहे हे मांडणाऱ्यांत तेच पुढे होते. १९३७ साली लिहून ठेवलेला त्यांचा मोठा ग्रंथ १९५८ मध्ये निघाला तो टोपणनावाने.

साचा कुठे मोडतो हे पाहायचे असेल तर लाओझीचे उदाहरण घ्या. 'ताओ' हे द्रव्य मानायचे की तत्त्व, यावर १९५९ च्या सुमारास चीनमध्ये घनघोर वाद झाला, कारण लाओझीची रांग त्यावर ठरणार होती. रन जियू यांच्या संपादनाखाली १९६३ मध्ये निघालेल्या पाठ्यपुस्तकात लाओझी जडवादी होता, आणि १९७३ च्या संक्षिप्त आवृत्तीत तो चिद्वादी झाला. दहा वर्षांनी रन यांनी स्वतःच लिहिले की दोन्ही बाजूंचा पुरावा अपुरा होता. पाच हजार चिनी अक्षरांचा तोच ग्रंथ तोच विद्वान वाचतो आणि दोन विरुद्ध निर्णय देतो, याचा अर्थ प्रश्नच त्या ग्रंथाला लागू पडत नाही.

कर्वे रस्ता

मग एवढे कष्ट कशाला घ्यायचे? १९७३-७४ मध्ये माओंचे एकेकाळचे वारसदार लिन बियाओ आणि कन्फ्यूशियस यांना एकाच दोरीने बांधून जी मोहीम चालवली गेली, तिच्यात दोन हजार वर्षांचा सगळा विचार 'कायदेवादी (कडक कायद्याने राज्य चालवा म्हणणारे) चांगले, कन्फ्यूशियन वाईट' या एका ओळीत बसवला होता. कारखान्यांतील कामगारांकडून शुन्झीवर टिपा लिहून घेतल्या गेल्या. ज्या पद्धतीचा शेवट तिथे झाला ती पद्धत मुळापासून किडलेली होती असे माझे स्पष्ट मत आहे. मंडळींनी थेट मूळ ग्रंथांचे अनुवाद वाचावेत.

मुळाकाठ

कर्वे रस्ता यांच्या संतापाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. मार्क्सवादी इतिहासलेखन या एका नावाखाली दोन निराळे उद्योग चालले होते आणि ते वेगळे काढल्याशिवाय मूळ प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. एक उद्योग शिक्के मारण्याचा, ज्याचे वर्णन वर आले. दुसरा उद्योग कोणत्या समाजात, कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या धान्यावर हा विचार उभा राहिला ते शोधण्याचा. हा दुसरा उद्योग झ्दानोव यांच्या भाषणाआधीच सुरू झालेला होता. इतिहासकार गुओ मोरुओ यांचे प्राचीन चिनी समाजाविषयीचे पुस्तक १९३० चे आहे. होउ वायलू यांनी वांग सहुआ यांच्याबरोबर १९३० च्या दशकात मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडाचा चिनी अनुवाद केला आणि मग ते चिनी विचाराकडे वळले, त्यामुळे त्यांचे प्रश्न पाठ्यपुस्तकवाल्यांपेक्षा वेगळे होते. ग्रीसमध्ये शहरी संस्था उभ्या राहताना कुळांची जुनी बांधणी मोडली, चीनमध्ये मात्र राज्यसंस्था कुळसंस्थेच्या खांद्यावर बसूनच आली. म्हणून तिकडे निसर्गाविषयी प्रश्न विचारणारा ज्ञानी माणूस हा तत्त्वज्ञानाचा नमुना ठरला आणि इकडे राज्यकारभार व आचरण यांविषयी बोलणारा सज्जन, अशी त्यांची मांडणी आहे. ती सर्वस्वी बरोबर आहे असे मी म्हणत नाही. पण ती खोडून काढायची तर तुम्हाला कांस्यपात्रांवरचे लेख आणि जमिनीचे हक्क यांचा अभ्यास करावा लागतो, नुसते डोळे वटारून चालत नाही.

या दुसऱ्या उद्योगालाही धोके आहेत. गुलामगिरीचा काळ कधी संपला आणि सरंजामशाही कधी सुरू झाली याची रेघ गुओ यांनी शेवटी इसवी सनपूर्व ४७५ च्या आसपास ओढली, तर फान वनलान यांनी ती पश्चिम झौ काळापर्यंत, म्हणजे पाच-सहा शतके मागे नेली. कन्फ्यूशियस वारला इसवी सनपूर्व ४७९ मध्ये. म्हणजे रेघ इकडची तिकडे झाली की तोच माणूस बुडत्या गुलाममालकांचा वकील तरी ठरतो किंवा प्रस्थापित सरंजामी व्यवस्थेचा सुधारक तरी. निकाल ग्रंथातून येत नसून सनावळीतून येतो आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

आता तुम्ही मागितलेले उदाहरण. फान झेन घ्या. पाचव्या शतकाच्या मध्यास जन्मलेला हा गरीब घरचा विद्वान 'आत्म्याचा नाश' या आपल्या छोट्या निबंधासाठी ओळखला जातो. निबंध प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शरीर हे द्रव्य आणि चेतना हे त्याचे कार्य, असे तो म्हणतो. धार आणि सुरी या दोन एकच वस्तू नाहीत, परंतु सुरी नाहीशी झाल्यावर धार मागे उरली असे कोणी ऐकलेले नाही. मग शरीर गेल्यावर चेतना उरते असे कसे म्हणता? बौद्ध राजपुत्र शियाओ झिलियांग याने त्याला विचारले होते की कर्मफळ मानत नसाल तर कोणी श्रीमंत आणि कोणी दरिद्री का जन्मतो. त्यावर त्याने दिलेले उत्तर असे की एकाच झाडाची फुले वाऱ्याने गळतात, काही पडद्यांवरून घरंगळत बैठकीवर पडतात आणि काही कुंपणावरून उकिरड्यात. आपण बैठकीवर पडलात, मी उकिरड्यात पडलो, यात कर्माचा संबंध कुठे आला? मत सोडलेस तर वरचे पद मिळेल असे सुचवले गेले तेव्हा मत विकून पद मिळवायचे असते तर मी केव्हाच मोठा मंत्री झालो असतो, असे तो हसून म्हणाल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. पुढे बौद्धधर्मी लियांग सम्राट वू याने दरबाऱ्यांकडून त्या निबंधाची खंडने मागवली आणि साठाहून अधिक जणांनी सम्राटाच्या बाजूने उत्तरे लिहिली.

शिक्के मारणारे इतिहासकार इथे 'थोर जडवादी' असे लिहून पुढे जातात. शिक्का खोटा नाही, पण निबंधाचा शेवट वाचा. मठांमुळे राज्याचे काय होते ते फान झेन तिथे सांगतो: लोक भिक्षूंसाठी घरदार रिकामे करतात आणि अडल्यानडल्या आप्तांना मदत करत नाहीत, सैन्याची फळी कच्ची पडते, कचेऱ्यांत माणसे उरत नाहीत, धान्य आळशांच्या पोटात जाते आणि संपत्ती माती-लाकडाच्या बांधकामात. आत्म्याविषयीचा वाद आणि मठांच्या अर्थकारणाविषयीचा वाद लेखकानेच एकत्र बांधलेला आहे. तो मार्क्सवाद्यांनी बाहेरून आणलेला नाही. याच्याही पुढे, अगदी अखेरीस, हा जडवादी म्हणतो की सामान्य जनांनी आपल्या शेतात समाधान मानावे, सज्जनांनी साधेपणा जपावा, खालच्यांनी उरलेले वरच्यांना द्यावे आणि वरच्यांनी हस्तक्षेप न करता खालच्यांना सांभाळावे. म्हणजे व्यवस्था आहे तशी राहो, फक्त मध्ये मठ नको. 'जडवादी म्हणून पुरोगामी' हे समीकरण त्याच्याच शेवटच्या परिच्छेदात कोसळते, आणि ते कोसळलेले दिसते ते समाजशास्त्रीय वाचन केल्यामुळेच. एतिएन बालाझ यांनी या निबंधावर लिहिलेला लेख इंग्रजीत उपलब्ध आहे. तो आधी वाचा.

पूर्वपक्ष

फान झेनची सुरी वाचून आपल्याकडच्या कोणालाही बृहस्पतीच्या नावावरचे सूत्र आठवेल: किण्वादिकांपासून जशी मदशक्ती निर्माण होते, तसे भूतांपासून चैतन्य. फरक असा की लोकायताचा, म्हणजे आपल्याकडच्या जडवादी दर्शनाचा, मूळ ग्रंथ आपल्या हाती नाही, प्रतिपक्षाने मांडलेला पूर्वपक्ष तेवढा उरला. तर फान झेनचा निबंध जवळजवळ पूर्ण मिळतो, आणि त्याचे एक कारण असे की शियाओ छेन या त्याच्या नातलगाने खंडन करताना तो कलमवार उद्धृत केला आणि ते खंडन बौद्धांच्याच संग्रहात जपले गेले. 'सर्वदर्शनसंग्रह'कार माधवाचार्यांनी एवढे औदार्य दाखवले असते तर आपली पुष्कळ कामे सोपी झाली असती.

पुण्यातल्या मंडळाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या वर्षी चिनी विद्यापीठे सोव्हिएत साचा स्वीकारू लागली त्याच १९४९ साली श्रीपाद अमृत डांगे यांचे भारताच्या आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या प्रवासावरचे पुस्तक निघाले, आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याचे परीक्षण भांडारकर संस्थेच्या वार्षिकात केले. कोसंबी स्वतः मार्क्सवादी. तरीही आदिम साम्यवाद, गुलामगिरी, सरंजामशाही अशी समाजविकासाच्या पाच टप्प्यांची शिडी वेदांवर चढवण्याच्या खटाटोपाची त्यांनी गय केली नाही. ग्रीस-रोमच्या अर्थाने गुलामांचे श्रम हा इथल्या उत्पादनाचा पाया कधी नव्हता, हे ते पुढेही ठासून सांगत राहिले. पक्षाचा आदेश नसलेल्या ठिकाणी बसून मार्क्सवादी पद्धत चालवली तर काय होते याचा हा नमुना आपल्या टेकडीच्या पायथ्याशीच आहे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांचा १९५९ चा लोकायतावरील ग्रंथ आणि होउ वायलू एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, असे मी सुचवेन. दोघांनाही दर्शनाच्या मुळाशी टोळीजीवन आणि कुळसंस्था यांचे अवशेष दिसतात, आणि दोघांच्याही हातून पुरावा अधूनमधून ताणला जातो.

(चिनीचे ज्ञान पुण्यात नव्हते असे नाही. पु. वि. बापट यांनी हिराकावा यांच्यासह केलेला विनयावरील (बौद्ध भिक्षूंच्या नियमांवरील) एका चिनी टीकेचा इंग्रजी अनुवाद भांडारकर संस्थेनेच १९७० मध्ये छापला आहे. मात्र आपली चिनी भाषा बौद्ध ग्रंथांच्या दाराशी थांबली, झू शीपर्यंत गेली नाही.)

तत्त्वजिज्ञासू (एरंडवणे, पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुळाकाठ, तुमच्या उत्तरावरून एक शंका उरते. फान झेन हे सोयीचे उदाहरण आहे, कारण अर्थकारण तो स्वतःच बोलतो. झू शीचे काय? 'ली' म्हणजे तत्त्व आधी आणि 'छी' म्हणजे द्रव्य नंतर, या सूक्ष्म विवेचनात जमीनदारांचा हितसंबंध शोधणे हे मला अजूनही ओढूनताणून वाटते.

कर्वे रस्ता

नेमका हाच आक्षेप. शिवाय फंग योउलान यांचेच अखेरचे लेखन पाहा. आयुष्यभर आत्मटीका करत, १९७४ च्या मोहिमेतही सामील होऊन, त्यांनी आपला नवा इतिहास सात खंडांत १९९० मध्ये पूर्ण केला आणि त्याच वर्षी ते गेले. शेवटच्या खंडात त्यांनी झांग झायचे एक वचन पुढे केले: वैर शेवटी समेटातच मिटते. आणि त्याच्यासमोर ठेवली ती शेवटपर्यंत संघर्षाची आधुनिक भूमिका. तो खंड आधी हाँगकाँगमध्ये छापावा लागला. ज्या झांग झायला जडवाद्यांच्या रांगेत उभे केले, त्याचाच आधार घेऊन फंग रांगेबाहेर पडले.

मुळाकाठ

ही माहिती मोलाची आहे आणि ती माझ्याच बाजूची आहे असे मी समजतो. झांग झायचे ते वचन त्याच्या 'छी'च्या विवेचनातच येते. द्रव्यात विरोध असतो हे मान्य करून तो विरोधाचा शेवट सांगतो. वाद जडवाद्यांच्या अंगणातलाच आहे.

झू शीविषयी. 'ली' आणि 'छी' यांच्या क्रमात हितसंबंध शोधू नका. तिथे काही मिळणार नाही. वेगळा प्रश्न विचारा. झू शी ११३० मध्ये जन्मला आणि १२०० मध्ये वारला. अखेरच्या वर्षांत त्याच्या शिकवणीवर 'खोटी विद्या' म्हणून दरबारची बंदी होती. मृत्यूनंतर शतकभराने, मंगोल राजवटीत, १३१३ च्या हुकमाने कन्फ्यूशियन परंपरेच्या चार ग्रंथांवरील त्याची भाष्ये सनदी परीक्षेसाठी प्रमाण ठरली आणि १९०५ मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत तशीच राहिली. तेव्हा 'सत्ताधारी वर्गाचे अधिकृत तत्त्वज्ञान' हे वर्णन १३१३ नंतर लागू पडते, ११९६ ला नाही. ज्या विचारावर एका राज्याने बंदी घातली तोच पुढच्या राज्याला, तेही परकीय राज्याला, हवासा का झाला? मधल्या काळात गावोगावची खासगी विद्यालये, कुळांच्या सामाईक जमिनी आणि परीक्षेत नापास होऊन गावातच स्थिरावलेले सुशिक्षित जमीनदार यांचे जाळे कसे वाढले, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. झू शीने ११७१ मध्ये आपल्या भागात सामुदायिक धान्यकोठार उभारले होते. तिथून शेतकऱ्यांना दोन पिकांच्या मधल्या टंचाईत वीस टक्के व्याजाने धान्य मिळे. सावकाराच्या दरापुढे ते नक्कीच कमी होते आणि कोठाराचा कारभार गावातील प्रतिष्ठितांच्या हाती होता. नैतिक आत्मसंयमनाचे तत्त्वज्ञान कोणाला उद्देशून लिहिले होते, हे त्या कोठाराच्या नियमांवरून जितके कळते तितके 'ली'च्या व्याख्येवरून कळत नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीला त्याचे चार ग्रंथांवरील भाष्य आणि हे नियम दोन्ही एकत्र घ्या, आणि तट पडलेच तर निदान या प्रश्नावर पडू द्या.